दुरून डोंगर साजरे ?

पिंपरी-चिंचवडांत चित्र घेण्यासारखें आहे तरी काय, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींत नेहमीं विचारला जातो. विचारणारा बहुधा निगडीच्या प्राधिकरणांत किंवा चिंचवडांत स्वतःच्या घरांत राहणारा, चांगला पदवीधर, किंमती कॅमेरा बाळगणारा आणि रविवारीं पहांटे उठून राजमाचीकडे किंवा हरिश्चंद्रगडाकडे धांव घेणारा असतो. कोंकणकड्याचें विशाल चित्र त्याच्या दिवाणखान्यांत टांगलेलें असतें. परंतु त्याच दिवाणखान्याच्या खिडकींतून जें दिसतें त्याकडे त्यानें कॅमेऱ्याचें तोंड एकदांहि वळविलेलें नसतें. "हें तर कारखान्यांचें गांव," एवढें म्हणून तो मोकळा होतो. हें मत केवळ आळसाचें असतें तर त्याची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु तें रसिकतेच्या नांवाखालीं मिरवतें, आणि त्यामुळें एका उत्तम साधनाचा उपयोग जेथें सर्वांत अधिक व्हावयास हवा नेमका तेथेंच होत नाहीं. म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

हें साधन म्हणजे अतिसूक्ष्म तपशिलाचा पॅनोरामा. छायाचित्रकारांच्या बोलींत गिगापिक्सेल पॅनोरामा. पॅनोरामाची मूळ कल्पना जुनी आहे. एडिंबरो येथील रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें अठराव्या शतकाच्या अखेरीस चारी दिशांचें दृश्य एका गोल भिंतीवर रंगवून लोकांस दाखविलें, व तेव्हांपासून हा शब्द रूढ झाला. आजचें छायाचित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलच्या चित्रांत असे १ कोटी २० लक्ष ठिपके असतात. गिगापिक्सेल चित्रांत निदान १०० कोटी. साध्या कॅमेऱ्याला इतकें एका दमांत झेपत नाहीं. म्हणून भक्कम ट्रायपॉडवर कॅमेरा बसवून, दूरचें जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून, ओळीमागून ओळ अशीं शेंकडों चित्रें घ्यावीं लागतात. प्रत्येक चित्राचा पाव ते तृतीयांश भाग शेजारच्या चित्रांतहि यावा लागतो, कारण त्या सामाईक भागांतील खुणा जुळवूनच संगणक सर्व तुकडे सांधतो. कॅमेरा लेन्समधील एका विशिष्ट बिंदूभोंवतीं फिरला पाहिजे, नाहींतर जवळचें झाड दूरच्या इमारतीपुढून सरकतें आणि सांधा चुकतो. उजेडाचें व फोकसचें माप आरंभीं ठरवावयाचें तें शेवटपर्यंत हलवावयाचें नाहीं. हें सर्व आपोआप करणारें गिगापॅन नांवाचें यंत्र अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठ व नासा यांच्या सहकार्यांतून निघालें. मंगळावर फिरणाऱ्या गाड्यांनीं पाठविलेल्या विस्तीर्ण चित्रांचें तंत्र त्याच्या मुळाशीं होतें. ४०,००० ठिपके रुंद व २५,००० ठिपके उंच असें चित्र इंचास ३०० ठिपके या मापानें छापलें तर तें ११ फूट लांब व जवळजवळ ७ फूट उंच होईल, आणि नाक लावून पाहिलें तरी फुटणार नाहीं.

आतां या चित्राचा स्वभाव पाहा. साधें छायाचित्र ही एक निवड असते. विजेचा खांब टाळून देऊळ तेवढें चौकटींत घेणें, ही तेथील कुशलता. पॅनोरामा घेणारानें एकदां उभें राहण्याची जागा निवडली कीं त्याची निवड जवळजवळ संपली. मग देऊळ येतें, खांबहि येतो, खांबावरची जाहिरात येते आणि जाहिरातीच्या सावलींत निजलेला मजूरहि येतो. पाहणाऱ्यानें बोट फिरवावें आणि जें हवें त्याच्या जवळ जावें. दुरून डोंगर साजरे, ही आपली म्हण या चित्रापुढें टिकत नाहीं. कारण दुरून साजऱ्या दिसणाऱ्या डोंगराच्या अगदीं कडेपाशीं जाऊन ती किती खणली गेली आहे हें येथें घरबसल्या पाहतां येतें. असें निवड न करणारें साधन केवळ निवडक सौंदर्यस्थळांवर राबविणें म्हणजे सर्व साक्षीदारांचें ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशास केवळ लग्नसमारंभांत आशीर्वाद देण्यापुरतें बोलावण्यासारखें आहे. कोंकणकड्याचें चित्र कोणी घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कोंकणकडा पुढल्या वर्षीं बहुतेक आज आहे तसाच असेल. चाकणचा माळ तसा असणार नाहीं.

आणि येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं हें तरी कितपत खरें ? चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींचें समाधिमंदिर आहे. चाफेकर बंधूंचें चिंचवड तें हेंच. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं शाएस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने झुंजविला. त्याच्या पडक्या तटांपर्यंत आज वस्ती येऊन भिडली आहे. देहूच्या आसमंतांतील भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे तीन डोंगर तुकोबांच्या चिंतनाशीं जोडलेले आहेत, आणि घोराडेश्वरास त्याहूनहि जुनीं बौद्ध लेणीं आहेत. या प्राचीन खुणांच्या भोंवतीं नवें जग उभें राहिलें तें किती वेगानें ! १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९८२ सालीं येथें महानगरपालिका आली, आणि २००९ सालीं जर्मन मोटारींचे कारखाने चाकणास सुरू झाले. ज्या म्हाताऱ्यानें लहानपणीं येथें ज्वारी राखली त्याचाच नातू आज तेथें मोटारींचे सांगाडे जोडतो. एका माणसाच्या आयुष्यांत मावलेला एवढा पालट ज्याला चित्राचा विषय वाटत नाहीं, त्याच्या रसिकतेला आम्ही नमस्कार करतों. अनुकरण मात्र करणार नाहीं.

शहराचें सलग चित्र पुढें काय कामाला येतें याचे दाखले इतिहासांत आहेत. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर उभें राहून १३ मोठ्या काचांवर त्या शहराचा चहूंकडचा देखावा टिपला. १९०६ सालच्या भूकंपांत व आगींत तें शहर बव्हंशीं नष्ट झालें; उरलीं तीं हीं चित्रें. आज कोणता रस्ता कोठें होता हें त्यांवरून कळतें. दुसरा दाखला आमच्याच देशांतला आणि कडवट आहे. १८५८ सालीं फेलिस बिआतो यानें मोठ्या इमामवाड्यावरून लखनौचा पॅनोरामा घेतला. तो जेत्यांच्या सैन्यामागून आलेल्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलेल्या जित शहराचा देखावा होता. तेव्हां आमच्या शहरांचीं चित्रें दुसऱ्यांनीं घेतलीं याबद्दल आम्ही आज हळहळतों. मग आतां साधनें आमच्या हातीं असतां तीं आम्ही न घेतल्याबद्दल पुढल्या पिढीनें कोणाला बोल लावावा ?

कोणी म्हणेल, हा सर्व इतिहासाचा शौक झाला. तसें नाहीं, यांत रोकडा हिशेबहि आहे. मे २०२५ मध्यें चिखली येथें इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले महानगरपालिकेनें पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता. जन्माची पुंजी घालून बांधलेलीं घरें जमीनदोस्त होतांना पाहणें कोणासहि सुखाचें नव्हतें. परंतु तीं घरें कांहीं एका रात्रींत उगवलीं नव्हतीं. पूररेषा नकाशावर होती. आणि नकाशा कचेरींत होता. सामान्य गृहस्थ जमीन घेतांना सात-बाराचा उतारा पाहतो, शेजारी कोण आहे तें विचारतो. निळी रेषा त्याच्या डोळ्यांपुढें कोणी ओढून दाखवीत नाहीं. नदीचें पात्र, तिचा कांठ आणि कांठावर चढत जाणारीं बांधकामें यांचें दरसालचें चित्र सर्वांस खुलें असतें, आणि त्यावर ती रेषा रेखलेली असती, तर घेणारा सावध झाला असता आणि विकणाऱ्याची जीभ थोडी अडखळली असती. अधिकाऱ्यांसहि "आम्हांस दिसलें नाहीं" असें म्हणण्याची सोय उरली नसती. २००८ सालीं भामचंद्राच्या परिसरांत शिंदे-वासुली येथें एका परदेशी रासायनिक कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध गांवकरी व वारकरी उभे राहिले, आणि अखेर कंपनीस तेथून निघावें लागलें. त्या वादांत कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा येथें करण्याचें कारण नाहीं. पण डोंगर कोठें, नदी कोठें आणि कारखाना कोठें, हें दोन्ही पक्षांनीं एकाच चित्रावर बोट ठेवून बोलावें, एवढी अपेक्षा गैर आहे काय ?

यावर विज्ञाननिष्ठ मंडळी म्हणतील कीं उपग्रहांचीं चित्रें आहेतच. आहेत, आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु उपग्रह बहुतेक डोक्यावरून पाहतो. त्याला छपरें दिसतात. दहा मजले आणि वीस मजले यांतला फरक, डोंगराच्या उभ्या कडेला पडलेली खाण, देवळाच्या कळसामागें कोणती भिंत उभी राहिली, हें डोंगरावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीला दिसतें. माणसें जमिनीवर राहतात, आणि आपलें गांव हरवलें कीं नाहीं हें तीं जमिनीवरूनच ओळखतात.

दुसरा पक्ष विक्रमवाल्यांचा. हे लोक आमच्या बाजूचे दिसतात, पण त्यांच्यापासून अधिक जपलें पाहिजे. मोठें चित्र म्हटलें कीं यांना आंकडा आठवतो. लंडनचें ३२० गिगापिक्सेलचें चित्र झालें. २०१५ सालीं ७०,००० चित्रें जोडून माँ ब्लाँ पर्वताचें ३६५ गिगापिक्सेलचें चित्र प्रसिद्ध झालें. आतां आपण ४०० चें करूं! उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशीं तसें एक चित्र झळकेल, त्याच्या कोपऱ्यांत त्यांची तसबीर असेल, आणि तिसऱ्या महिन्यांत तें कोठें ठेवलें हें कोणास सांगतां येणार नाहीं. आंकड्याला हेतु असेल तरच अर्थ असतो. २०२२ सालीं ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयानें रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा खुली केली. ती ८,४३९ छायाचित्रें जोडून बनविली आहे. परंतु ती केली रंगाचा एकेक कण तपासून मूळ चित्राचें जतन करण्यासाठीं. आम्हांस तर त्याच्या शतांशानेंहि भागेल. मात्र तें दर वर्षीं हवें.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. इतक्या सूक्ष्म चित्रांत लोकांच्या खिडक्या येतील, चेहरे येतील. शिवाय देहूरोडचा लष्करी तळ, दिघीच्या संरक्षण संस्था हीं सर्व याच टापूंत आहेत. हा आक्षेप आम्ही अमान्य करीत नाहीं. चेहरे व खिडक्यांचा अंतर्भाग पुसट करण्याची रीत रस्त्यांच्या संगणकीय चित्रांत केव्हांच रूढ झाली आहे. तीच येथें पाळावी. संरक्षणाच्या जागा संबंधितांची परवानगी घेऊन वगळाव्या, आणि वगळलेली जागा उघडपणें कोरी ठेवावी. चित्रांत खोटें झाड काढून ती झांकण्यापेक्षां कोरी जागा अधिक प्रामाणिक. असें चित्र एका क्षणाचें नसतें हेंहि त्यावर लिहिलें पाहिजे. डावी कड आठ वाजतां घेतलेली असते आणि उजवी दहा वाजतां. मधल्या वेळांत एखादा मालट्रक अर्धाच उरतो किंवा दोनदां दिसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याची वेळ नोंदलेली हवी आणि मूळ तुकडेहि जपलेले हवेत.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें. दुर्गाटेकडी, घोराडेश्वर, भंडारा, भामचंद्र आणि चाकणचा संग्रामदुर्ग अशा पांच जागा ठरवाव्या. तेथें उभें राहण्याची जागा खुणेच्या दगडानें पक्की करावी. दर वर्षीं पाऊस सरल्यावर, उन्हानें हवा थरथरूं लागण्यापूर्वीं सकाळींच, त्याच मापाच्या लेन्सनें चित्र घ्यावें. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हें काम सहज जमेल. खर्च महानगरपालिकेनें व कारखानदारांनीं सोसावा, मात्र चित्रावर कोणाचेंहि बोधचिन्ह नसावें. तीं चित्रें सार्वजनिक ग्रंथालयांत व शाळांत मोफत पाहावयास मिळावीं. २०१६ सालीं ज्या गांवानें अखिल भारतीय साहित्य संमेलन थाटानें पार पाडलें, त्याला एवढें कांहीं जड नाहीं.

आणि रविवारीं गडांकडे धांवणाऱ्या आमच्या मित्रांस एकच विनंति. एका रविवारीं भंडाऱ्यावर चढा. कॅमेरा बरोबर असूं द्या, आणि पाठ देहूकडे न करतां, चाकणकडेहि न करतां, सबंध वर्तुळ पुरें करा. डोंगर अद्याप जागेवर आहेत. ते तसेच राहतील असा भरंवसा मात्र कोणी दिलेला नाहीं.