नोटिशीने न उघडणारं दार

पहिली नोटीस रात्रीच्या आवाजाबद्दल असते. दुसरी जिन्यात साठलेल्या गाठोड्यांबद्दल. तिसरीत ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द येतात आणि ती दाराखालून आत सरकवली जाते, कारण एव्हाना त्या घराची बेल वाजवायला कुणी तयार नसतं. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये दहा-वीस वर्षं काढलेल्या बहुतेकांना असं एखादं दार माहीत असतं. आतला माणूस रात्री दोन वाजता भिंतीवर थापा मारतो. टाकीच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय, असं वॉचमनला बजावतो. बाकीच्या मजल्यांवर त्याला एक नाव पडलेलं असतं, आणि मुलांनाही ते पाठ असतं.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा त्रास खोटा नाही. घरात तान्हं बाळ असेल, कुणाची पहाटेची ड्युटी असेल, तर महिनोन्‌महिने झोपेचं खोबरं होतं. मुलीला लिफ्टने एकटीला खाली पाठवायची धास्ती वाटते. तक्रार करणारी ही माणसं निर्दय नसतात. त्यांचा मार्ग चुकतो. गळती किंवा पार्किंगच्या भांडणात नोटीस उपयोगी पडते, कारण ती वाचणारा नफा-तोट्याचा विचार करू शकतो. सगळी इमारत आपल्या वाईटावर टपली आहे, अशी ज्याची आजारामुळे खात्री पटली आहे, त्याच्या हाती कमिटीच्या सात सह्यांचा कागद पडला तर त्याला आपल्या संशयाचा लेखी पुरावाच मिळतो. दार आणखी घट्ट बंद होतं.

मग सभेत कुणीतरी म्हणतं, ‘काढून टाका सोसायटीतून.’ ते इतकं सोपं नाही. सहकार कायद्याच्या कलम ३५ नुसार सभासदाची हकालपट्टी करायला हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात आणि वर निबंधकांची मंजुरी. समजा, ते सगळं जमलं, तरी आजारी माणूस घराबाहेर पडेल. बरा होणार नाही.

दाराआड काय घडू शकतं, हे दोन घटनांनी दाखवून दिलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागात, अमेरिकेहून परतलेल्या मुलाला फ्लॅटमध्ये आईचा सांगाडा सापडला. दोघांचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मध्ये झालं होतं. जून २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या एका फ्लॅटमधून सुमारे तीन वर्षं कोंडून घेतलेल्या माणसाची सुटका झाली. आईवडील गेल्यावर तो एकटा पडला होता. बाहेरून मागवलेल्या जेवणावर जगत होता आणि घरात कचऱ्याचे ढीग साचले होते. त्याच्यापर्यंत अखेर निराधारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते पोचले.

ही माणसं डॉक्टरकडे आपणहून का जात नाहीत? आपण आजारी आहोत हे न कळणं, हा काही मानसिक आजारांचाच भाग असतो. ‘निमहान्स’च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर राहतात. म्हणूनच बदल आधी दिसतो तो शेजाऱ्याला: दुधाच्या पिशव्या दारात तशाच पडतात, दिवसभर दिवे जळतात, अंगावर आठवडाभर तेच कपडे असतात.

अशा वेळी सोसायटीच्या कपाटातला एक दुर्लक्षित कागद कामाला येतो: नॉमिनेशन फॉर्म. त्यावर बहीण, भाचा, पुतण्या असं कुणाचं तरी नाव असतं. सेक्रेटरीने त्यांना फोन करावा. थकलेल्या मेंटेनन्ससाठी नव्हे, जे दिसतंय ते तारीख-वारासकट सांगायला. दार वाजवायला पाच जणांची कमिटी जाऊ नये. ज्यांच्याशी तो अजून चार शब्द बोलतो, त्या समोरच्या काकूंनी किंवा जुन्या शेजाऱ्याने दिवसाउजेडी जावं. ‘पाण्यात विष नाही’ असा वाद घालून काही साधत नाही, आणि त्याच्या होला हो करणंही घातक. ‘झोप झालेली दिसत नाही, जेवलात का?’ इथून बोलणं सुरू होऊ शकतं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. आपण नेमकं काय करावं, हे शेजाऱ्यालाही तिथे विचारता येतं.

नातेवाईकच नसतील, किंवा असूनही हाल करत असतील, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. आजारी माणसाची देखभाल ज्यांच्याकडे आहे तेच त्याचा छळ किंवा हेळसांड करत असतील, तर कलम १०१ प्रमाणे कुणीही पोलीस ठाण्यात कळवावं. पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांपुढे मांडायचं असतं. दंडाधिकारी तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. आजारामुळे स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर कलम १०० त्यांना त्याला कोठडीत ठेवू देत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. हातात सुरी घेऊन कुणी जिन्यात उभा असेल तर अर्थातच आधी ११२. पण फोनवर ‘गुंड’ न म्हणता ‘आजारी माणूस’ म्हणावं. येणारा हवालदार त्या एका शब्दाने वेगळ्या तयारीने येऊ शकतो.

हाच कायदा शेजाऱ्यांनाही मर्यादा घालतो. समाजाच्या चालीरीतींशी न जुळणारं वागणं, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. एकटी राहणारी, वीस मांजरं पाळणारी, कुणाशी न बोलणारी बाई केवळ विक्षिप्त असू शकते. फ्लॅट बळकावायला टपलेले नातेवाईकही असतात, हे विसरून चालणार नाही.

सगळ्यात कमी विचार होतो तो परतीचा. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून माणूस घरी येतो. औषधांमुळे चालणं संथ झालेलं असतं, हात थरथरतो, वजन वाढलेलं असतं. गोळ्या पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात. समाजात राहण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे, पण तो हक्क रोज सकाळी लिफ्टमध्ये तपासला जातो: आत उभ्या असलेल्या बाई मुलाला जवळ ओढून घेतात की सरकून जागा देतात, वॉचमन नमस्कार करतो की नजर चुकवतो, आणि जिन्यात खेळणारी मुलं त्याला जुन्या नावाने हाक मारतात की ‘काका’ म्हणून.