विश्लेषण : दोन्ही सॉफ्टवेअर मोफत, तरी एकत्र वाटणे बेकायदा कसे?

यवतमाळच्या बाजारातील कापसाचे भाव दाखवणारे अ‍ॅप एखाद्या विद्यार्थ्याने बनवले, तर त्यातले बरेचसे काम इतरांनी लिहिलेल्या तयार ‘लायब्ररी’ करतात. त्या मोफत मिळतात. पण त्यांचे परवाने एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

पेच नेमका काय?

‘ओपन सोर्स’ म्हणजे स्वामित्वहक्क सोडून दिलेला कोड नव्हे. भारतात १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. त्यामुळे तिचे वितरण परवान्याच्या अटी पाळूनच करता येते. जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती सांगते, की हा कोड जोडून बनलेले संपूर्ण सॉफ्टवेअर याच परवान्याखाली द्या, जादा बंधन घालू नका. अपाची २.० परवान्यात मात्र पेटंटविषयक जादा अटी आहेत. एकाला जादा अट चालत नाही, दुसऱ्याला ती सोडता येत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, म्हणूनच हे दोन्ही एकत्र वाटता येत नाहीत. २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी मात्र अपाची जुळतो.

मराठीचा संबंध कसा?

रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित देवनागरी’ हा फाँट आधी जीपीएलखाली होता. जीपीएलचा फाँट दस्तऐवजात अंतर्भूत केला, तर दस्तऐवजालाही त्या अटी लागू होतील का, अशी शंका अशा फाँटबाबत घेतली जाते. २०११ मध्ये लोहित फाँट ‘ओपन फाँट लायसन्स’खाली आले. हा परवाना फाँट वापरून केलेल्या दस्तऐवजांना स्पष्टपणे मोकळीक देतो.

परवाना बदलणे सोपे आहे का?

नाही. त्यासाठी कोडचे हक्क असलेल्या सर्वांची संमती लागते. जुना परवाना जीपीएलशी जुळत नसल्याने ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीने तो बदलण्यासाठी शेकडो योगदानकर्त्यांशी संपर्क साधला. अपाची परवान्याखालील ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

स्वतःच्या संगणकावर वापर करण्यापुरता हा पेच उद्भवत नाही. तो अ‍ॅप इतरांना देताना उद्भवतो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अटभंग होताच वितरणाचा हक्क आपोआप संपतो. त्यामुळे लायब्ररी जोडण्यापूर्वीच तिची परवाना फाइल वाचणे आणि परवान्याची आवृत्तीही पाहणे, हे अ‍ॅप तयार झाल्यावर पुन्हा लिहिण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.