कोणत्या शाळेचा मुलगा?

१९ जुलै २०२५ रोजी इटलीतील रोव्हिगो येथे दक्षिण आफ्रिकेच्या वीस वर्षांखालील रग्बी संघाने न्यूझीलंडचा २३–१५ असा पराभव करून तरुणांचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. २००८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत त्या देशाला हा मान यापूर्वी केवळ एकदा, २०१२ साली स्वतःच्या भूमीवर, लाभला होता. तेरा वर्षांनी आलेल्या विजयाचा आनंद तेथील रग्बीप्रेमींनी मनसोक्त लुटला, यात नवल नाही. परंतु त्यांच्या चर्चेत एक प्रश्न असा आहे, की तो संघाची यादी जाहीर होते त्या दिवसापासून अंतिम सामन्याच्या रात्रीपर्यंत थांबत नाही. खेळाडूचे नाव निघाले की पाठोपाठ विचारले जाते : मुलगा कोणत्या शाळेचा?

रग्बी हा आपल्याकडे मूठभरांचा खेळ. त्याची उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९७४ साली डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत गाठ त्या देशाशी पडली, तेव्हा आपण करंडकावर पाणी सोडले, परंतु वर्णविद्वेषी राजवटीच्या संघासमोर उभे राहण्याचे नाकारले. ज्यांनी एवढी किंमत मोजली, त्यांनी ती राजवट गेल्यानंतर तेथील मैदानांत काय उगवले याची विचारपूस करणे आगंतुकपणाचे ठरू नये.

ज्या शाळांची नावे या चर्चेत घेतली जातात, त्या मोजक्या आहेत. ब्लूमफाँटेनचे ग्रे कॉलेज. पार्ल गावातील, एकमेकींशी जुनी स्पर्धा असलेल्या पार्ल बॉइज हाय आणि पार्ल जिम्नॅशियम या दोन शाळा. स्टेलेनबॉशचे पॉल रूस जिम्नॅशियम, जेथे २०२५ च्या विजेत्या संघाचा कर्णधार रायली नॉर्टन शिकला. आपल्या शाळेने देशाला किती खेळाडू दिले याचा हिशेब तेथील माजी विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या ठेवतात. या जिव्हाळ्याची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या मैदानावर आपण चौदाव्या वर्षी चिखलात लोळलो, तेथला मुलगा राष्ट्रीय पोशाखात पाहून ऊर भरून येणे हे मानवीच आहे. मात्र या हिशेबाच्या वह्या कधीपासूनच्या आहेत, हेही पाहिले पाहिजे. प्रांतोप्रांतींच्या शालेय संघांचा ‘क्रेव्हन सप्ताह’ १९६४ पासून भरतो. होतकरू मुले हेरली जातात ती मुख्यतः तेथेच. १९८० पर्यंत त्यात गोऱ्या मुलांखेरीज कोणालाही प्रवेश नव्हता. म्हणजे ज्या परंपरेचा अभिमान बाळगला जातो, तिची पायाभरणी चालू असताना देशातील बहुसंख्य मुलांना कुंपणाबाहेर उभे केलेले होते.

पुढे कायद्यातला वर्णभेद गेला आणि कुंपणाच्या जागी शुल्काची खिडकी आली. १९९६ च्या शाळाविषयक कायद्याने सरकारी शाळांच्या नियामक मंडळांना पालकांच्या बहुमताने शुल्क आकारण्याची मुभा दिली. हेतू वाईट नव्हता : सुखवस्तू पालकांनी आपला भार उचलावा, म्हणजे सरकारचा पैसा गरीब शाळांकडे वळवता येईल. २००७ पासून गरीब वस्त्यांतील शाळा निःशुल्क झाल्या, ही तर स्वागतार्हच गोष्ट. परंतु फलित असे झाले, की एकाच सरकारी व्यवस्थेत दोन जातींच्या शाळा नांदू लागल्या. एकीकडे हिरवीगार मैदाने, वसतिगृह, व्यायामशाळा, पगारी प्रशिक्षक. दुसरीकडे मधल्या सुट्टीत धुरळा उडणारे आवार, आणि शाळा सुटल्यावर स्वखुशीने थांबणारा एखादा शिक्षक असेल तर असेल. पूर्वी पहिल्या शाळेत जायला कातडीचा रंग लागे, आता ऐपत लागते. आणि ऐपत कोणाकडे साठावी, हे जुन्या राजवटीने आधीच ठरवून ठेवले होते.

त्यातून रग्बी हा देहाचा खेळ. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ असे गडी खांद्याला खांदा भिडवून रेटतात, तेव्हा चापल्याइतकेच वजन आणि हाडांची मजबुती निर्णायक ठरते. हा देह अठराव्या वर्षी व्यायामशाळेत घडतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. दक्षिण आफ्रिकेच्या २०१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील २७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. निवड समितीने नाव पुकारण्याच्या कितीतरी आधी, भाकरीने आपली निवड उरकलेली असते.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे रग्बीप्रेमींमध्ये दरवर्षी पेटणाऱ्या दुसऱ्या वादाचे स्वरूप स्पष्ट होते. संघात कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय खेळाडूंचे प्रमाण किती असावे, याची उद्दिष्टे तेथील रग्बी संघटनेने ठरवलेली आहेत. संघ हरला की ही उद्दिष्टे आठवतात. जिंकला की त्यांचा विसर पडतो. २०२४ साली यजमान असूनही संघाला पहिल्या चारांत येता आले नाही; पुढच्याच वर्षी सलामीला ऑस्ट्रेलियाचा ७३–१७ असा धुव्वा उडवून संघाने करंडक आणला. वर्षभरात ना धोरण बदलले होते, ना देश. तरीही पराभवाला कोटा कारण, विजयाला गुणवत्ता कारण, हा युक्तिवाद सुखेनैव चालू राहतो. ‘गुणवत्ता’ या शब्दाची ही करामत मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको. राखीव जागांच्या प्रत्येक वादात आपण ती अनुभवली आहे.

माझे मत विचाराल, तर ही उद्दिष्टे आवश्यक आहेत आणि अपुरी आहेत. आवश्यक अशासाठी, की त्यांच्यावाचून निवड समितीला मोजक्या शाळांपलीकडे मान वळवण्याची गरजच भासली नसती. १९९५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकच गौरेतर खेळाडू होता; २०१९ च्या अंतिम सामन्यात आरंभीच्या पंधरांत सहा होते. हे आपोआप घडलेले नाही. अपुरी अशासाठी, की संख्येचा नियम साखळीच्या शेवटच्या कडीला लावला जातो. तो पाळण्याचा सोपा मार्ग धनिक शाळांनी केव्हाच शोधला आहे : गरीब वस्तीतील बारा-तेरा वर्षांचा तरबेज मुलगा हेरावा, शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृहात आणून ठेवावा. संघात कृष्णवर्णीय मुलगा दिसतो, उद्दिष्ट पुरे होते, आणि यादीत त्याच्यापुढे नाव लागते ते त्याच जुन्या शाळेचे.

सिया कोलिसीची कथा अशा वेळी हमखास सांगितली जाते. १६ जून १९९१ रोजी, म्हणजे माणसांची वर्णानुसार नोंद करणारा कायदा रद्द होण्याच्या आदल्या दिवशी, त्याचा जन्म झाला. पोर्ट एलिझाबेथजवळील झ्विडे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आजीने त्याला वाढवले. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत तो नजरेस आला आणि शहरातील ग्रे शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. २०१० आणि २०११ साली तो वीस वर्षांखालील संघातून खेळला. २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक देशाने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले. त्याला मिळालेली शिष्यवृत्ती कोणी हिरावून घ्यावी असे म्हणणारा माणूस क्रूरच म्हटला पाहिजे. परंतु त्या दिवशी मैदानात असलेली बाकीची मुले सायंकाळी कोठे गेली, हा प्रश्न या कथेत कोणी विचारत नाही.

मकाझोले मापिम्पीची कथा तुलनेने कमी सांगितली जाते, कारण ती कोणत्याही नामांकित शाळेच्या खात्यावर जमा होत नाही. ईस्टर्न केप प्रांतातील खेड्यातला हा मुलगा गावाकडच्याच शाळेत शिकला. वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघाने त्याला कधी बोलावले नाही. देशासाठी पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध ट्राय नोंदवला तो त्याने. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूने केलेला तो पहिलाच ट्राय. ज्या चाळणीची चर्चा दरवर्षी एवढ्या हिरिरीने होते, तिच्या छिद्रांतून असा खेळाडू निसटला असेल, तर परत न सापडलेले किती असतील?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कृष्णवर्णीयांना रग्बी शिकवावा लागतो, ही समजूत खोटी आहे. ईस्टर्न केपमध्ये मिशनरी शाळांच्या काळापासून, शंभराहून अधिक वर्षे, ते हा खेळ खेळत आले. वर्णभेदाच्या ऐन भरात गोऱ्यांच्या संघटनेची मेहेरबानी नाकारून अवर्णभेदी रग्बी चालवणारी क्वाझाखेले रग्बी युनियन त्याच भागातली. तिचे नेते डॅन केके यांच्या नावाचे क्रीडांगण कोलिसीच्या झ्विडेतच आहे. एकेक गुणी मुलगा उचलून नेण्याने या क्लबांना बळ मिळत नाही, ते पोकळ होतात.

आणि प्रेक्षकांचे म्हणाल, तर केप टाउनच्या मिश्रवर्णीय वस्त्यांत आजही न्यूझीलंडचा जयघोष करणारे रग्बीप्रेमी आहेत. न्यूलँड्सच्या मैदानावर वेगळ्या कोंडवाड्यात बसवले जात असताना त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवल्या; आपल्याला माणूस न मानणाऱ्या संघाला ‘आपला’ म्हणण्याचे त्यांनी नाकारले. (न्यूझीलंडनेही १९६० च्या दौऱ्यात माओरी खेळाडूंना घरी ठेवून वर्णद्वेष्ट्यांची मर्जी राखली होती, हा इतिहासाचा उपरोध आहेच.) त्यांना देशद्रोही म्हणून हिणवणारे आजही भेटतात. २०२३ साली याच तरुणांच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्या वस्त्यांच्या मध्यावर, अॅथलोनच्या क्रीडांगणात झाला, ही योग्य गोष्ट झाली. पण सामना वस्तीत नेणे एका दिवसाचे काम आहे. वस्तीतल्या शाळेला मैदान आणि पगारी प्रशिक्षक देणे हे वीस वर्षांचे काम आहे, आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९९४ पासून चालू असलेल्या शालेय आहार योजनेत आज नव्वद लाखांहून अधिक मुले जेवतात. रग्बीच्या भवितव्यासाठी या योजनेएवढी महत्त्वाची दुसरी योजना नाही. तरी रग्बीप्रेमींच्या चर्चेत तिचे नाव निघत नाही. पुढची यादी लागेल तेव्हा मुलाची शाळा जरूर विचारावी. पण तिचे शुल्क किती, तो तेथे कितव्या वर्षी आणला गेला, आणि ज्या शाळेतून त्याला आणले तेथे आज किती मुले खेळतात, हेही त्याच दमात विचारले जावे. रग्बी संघटनेने तिन्ही उत्तरे खेळाडूच्या उंची-वजनाशेजारी छापण्यास कसलीच अडचण नाही.