वेगळी फाइल कशासाठी?

अहवाल लिहायला घेतला की गूगल डॉक्सची लिंक सगळ्यांना जाते. दृष्टिहीन सहकाऱ्याला मात्र सांगितलं जातं, "तुम्ही वर्डमध्ये लिहून मेल करा, आम्ही आत टाकतो." यामागे सद्भाव असतो, हे मान्य. पण ऑनलाइन एडिटर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतच नाहीत, ही त्यामागची समजूत खोटी आहे.

ती आली कुठून, हेही पाहू. गूगल डॉक्समधला मजकूर साध्या वेबपानासारखा नसतो. 2021 पासून तर तो पडद्यावर चित्रासारखा रेखाटला जाऊ लागला, आणि चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला थेट मिळत नाहीत. म्हणून एडिटर तोच मजकूर त्याला वेगळ्या वाटेने पुरवतो. विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबलं की ती वाट खुली होते. दुसरी अडचण मोडची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे वाचनाच्या मोडमध्ये, असेल तर 'एच' दाबून अक्षर उमटत नाही, ते पुढच्या शीर्षकाकडे जाण्याची आज्ञा ठरतं. लिहायला फोकस मोड हवा. कित्येकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असा निकाल लागतो. एवढं कळलं की बाणाच्या कळांनी ओळी ऐकता येतात, कंट्रोल-ऑल्ट-एमने कॉमेंट टाकता येते. एनव्हीडीए तर मोफत आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

"पण आमचे अहवाल गुंतागुंतीचे असतात." ही गुंतागुंत बहुतेक वेळा डोळसांनीच केलेली असते. शीर्षक म्हणून ओळ ठळक आणि मोठी केली, तर स्क्रीन रीडरसाठी ती इतर ओळींसारखीच एक ओळ. तीच ओळ निवडून कंट्रोल-ऑल्ट-2 दाबलं, तर ती खरं शीर्षक होते आणि लांबलचक अहवालात थेट तिथे पोहोचता येतं. 'पिवळा भाग तपासा' असं लिहिण्याऐवजी तिथे कॉमेंट टाकली, तर काम अडत नाही.

दोष नाहीत असं मी म्हणत नाही. मोठी फाइल रेंगाळते, आणि अनेकजण एकाच वेळी लिहीत असले की घोषणांचा गलका होतो. पण वेगळ्या फाइलने होणारं नुकसान याहून मोठं आहे. मेल पोहोचेपर्यंत परिच्छेद बदललेला असतो, कॉमेंटमधला वाद मिटलेला असतो. मजकूर दुसऱ्याने चिकटवल्यामुळे फाइलच्या इतिहासात नावही दुसऱ्याचंच लागतं. ज्याने लिहिलं, त्याच्या कामाची नोंदच राहत नाही. याला सोय कसं म्हणायचं?

शिवाय प्रश्न फक्त सोयीचा नाही, हक्काचाही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. 30 एप्रिल 2025 रोजी ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण कार्यालयातल्या सामायिक फाइलसाठी कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. पुढच्या अहवालाची लिंक त्या सहकाऱ्यालाही पाठवा, संपादनाच्या पूर्ण अधिकारासह.