आधी विचारा, मग शिकवा!

मागासवर्गीय तरुणाला उद्योजक करण्याच्या गप्पा या राज्यात नव्या नाहीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ १९८५ साली आले. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली निघाले आणि त्याचे मुख्यालय आपल्याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. म्हणजे उद्योजक घडवण्याचे राज्याचे केंद्र आपल्या जिल्ह्यात! आता कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावाच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. किराणा, कापड, भुसार, खत-बियाणे अशा दुकानांच्या पाट्या वाचा आणि त्यांतल्या किती आपल्या माणसांच्या आहेत ते मोजा. हाताची बोटे पुरतील की उरतील, याचे उत्तर वाचकांनी स्वतःच द्यावे.

देशाचे चित्र वेगळे नाही. २००५ च्या आर्थिक गणनेच्या आकडेवारीवरून अभ्यासकांनी दाखवून दिले की, लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सोळा टक्क्यांहून अधिक असताना व्यवसायांच्या मालकीत तो ९.८ टक्केच होता. मग इतकी वर्षे ही महामंडळे, ही केंद्रे, ही शिबिरे काय करत होती?

त्यांनी प्रशिक्षण दिले. किती जणांना दिले याचे आकडे छापले, प्रमाणपत्रे वाटली, फोटो काढले. पण शिकवण्याआधी समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: "बाबा, तुझे नेमके कुठे अडते?" डॉक्टर नाडी न पाहता सगळ्यांना एकच गोळी देऊ लागला तर आपण त्याला डॉक्टर म्हणू का? छोट्या व्यावसायिकाच्या बाबतीत शासनाने आजवर हेच केले.

छोटा धंदा चार गोष्टींवर उभा राहतो. कसब, भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक. समजा, वस्तीतल्या एका ताईला शिवणकाम उत्तम येते. तिला पुन्हा शिवणकामाच्या वर्गात बसवून काय मिळणार? तिला हवी आहे पिकोची मशीन आणि बाजाराच्या रस्त्यावर चार हात जागा. मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा हुशार आहे, पण सुटे भाग उधारीवर देणारा व्यापारी त्याला ओळखत नाही. त्याला हवी आहे पत. शेळ्या पाळणाऱ्या मावशीला हवा आहे पशुवैद्य आणि विमा. चहाच्या टपरीवाल्याला हवा आहे हिशेब, कारण गल्ल्यातला पैसा आणि घरातला पैसा एकाच खिशात जातो. चौघांच्या गरजा चार, आणि आपली व्यवस्था चौघांनाही एकाच सभागृहात बसवून 'यशस्वी उद्योजकाचे गुण' ऐकवते.

आपल्या समाजाच्या बाबतीत या चारही गोष्टींच्या वाटेवर जात उभी असते. ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र उघडावे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून बाबासाहेब १९१७ साली परतले. बडोद्याच्या नोकरीत जातीचे चटके सोसून मुंबईला आले आणि उदरनिर्वाहासाठी शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. काम चांगले होते, गिऱ्हाईक येत होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक यायचे बंद झाले! या माणसाला कोणत्या प्रशिक्षणाची गरज होती? त्या काळात या देशात अर्थशास्त्राचे त्यांच्याइतके शिक्षण घेतलेली माणसे किती होती? कमतरता ज्ञानाची नव्हती. बाजाराचे दार जातीने बंद केले होते. तेव्हा 'तुमच्यात कौशल्य नाही, म्हणून तुम्ही मागे आहात' असे जो सांगतो, तो बंद दाराकडे बोट दाखवायचे टाळतो आहे, हे ओळखून असावे.

कायद्याने हे दार बंद ठेवणे गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या केली आणि त्याला शिक्षा ठरवली. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जातीमुळे एखाद्याशी व्यवहार नाकारणे, त्याला धंद्याची संधी नाकारणे हे या व्याख्येत येते. परंतु किती शिबिरांमध्ये हे कलम शिकवले जाते? नफा-तोट्याचे पत्रक शिकवणाऱ्यांनी 'दलिताच्या हॉटेलात गिऱ्हाईक येत नाही तेव्हा काय करायचे' हाही धडा ठेवावा. तोही व्यवसायाच्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे.

तीच गोष्ट बँकेची. बीजभांडवल योजनेत महामंडळ २० टक्के देते, अर्जदार ५ टक्के आणि उरलेले ७५ टक्के बँकेने द्यायचे असतात. म्हणजे गाडीची किल्ली शाखा व्यवस्थापकाच्या खिशात. तो अर्जदाराला 'नंतर या' म्हणतो, तारण मागतो, जामीनदार मागतो. वास्तविक सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराचा अर्ज शाखेच्या पातळीवर नाकारायचा नाही, तो अधिकार वरच्या पातळीचा आहे आणि कारण स्पष्ट नोंदवायचे, अशाही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. आपल्या किती तरुणांना हे माहीत आहे? तोंडी नकार ऐकून घरी परतणारा तरुण हा नियम जाणत नाही, आणि जाणणारा व्यवस्थापक सांगत नाही. स्टँड अप इंडिया योजनेत २०१६ ते मार्च २०२५ या काळात प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिलेच्या उद्योगाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचे होते. आपल्या गावाच्या शाखेने ते कुणाला दिले, हे विचारायला माहितीचा अधिकार आहे.

प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. प्रश्न कसल्या प्रशिक्षणाचा आहे. आफ्रिकेतील टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे हिशेब-विक्रीचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात खात्रीने सांगता येईल अशी वाढ दिसली नाही. पण स्वतः पुढाकार घेणे, नवी संधी शोधणे, अडथळा आला तरी मागे न हटणे याचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. अहमदाबादेत सेवा बँकेच्या महिला सभासदांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा मैत्रिणीला सोबत घेऊन आलेल्या महिलांना त्याचा अधिक फायदा झाला. एकट्या माणसाचा धीर सुटतो, सोबतीने तो टिकतो. चळवळीतल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आणि प्रशिक्षणानंतर काय? ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची मूळ कल्पना १९८२ साली कर्नाटकातील उजिरे येथे साकारली. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे त्या माणसाचा पाठपुरावा करायचा, हे या संस्थांच्या पद्धतीतच बसवलेले आहे. हा नियम कागदावर ठेवायचा नसतो. त्याउलट, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेकडे पाहा. अठरा व्यवसाय: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, टोपल्या-झाडू विणणारे! पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, १५ हजारांची अवजारे, सवलतीचे कर्ज. कुणी कारागीर याचा लाभ घेत असेल तर जरूर घ्यावा, तो त्याचा हक्क आहे. पण चांभाराच्या पोराला पुन्हा रापी-आरी देताना 'तुला दुसरे काही करायचे आहे का' हे विचारायला नको का? वतनाच्या जोखडातून समाज मोकळा व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात महार वतन बिल मांडले होते. गरज न विचारता दिलेली मदत माणसाला पुन्हा जुन्याच चाकोरीत ढकलते, ती अशी.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. शासन विचारील याची वाट पाहू नका. देवगाव रंगारीतून सुरुवात करा. विहारात एक वही ठेवा. गावातल्या आपल्या प्रत्येक छोट्या व्यावसायिकाची आणि धंदा करू पाहणाऱ्याची नोंद करा आणि चारच रकाने आखा: कसब, भांडवल, जागा, गिऱ्हाईक. कुणाचे कुठे अडते ते लिहा. बंद पडलेल्या धंद्यांचीही नोंद करा, कारण तेच सर्वांत जास्त शिकवतात. ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. ती गटार आणि पेव्हर ब्लॉकमध्ये मुरण्याऐवजी बाजारात गाळे का होऊ नयेत? पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा शहरांपुरता आहे, खेड्याच्या आठवडी बाजाराला तो लागू नाही. म्हणजे तिथे कुणी कुठे बसायचे याचा निकाल ग्रामपंचायतीत लागतो. तिथल्या आपल्या सदस्याने यासाठी तोंड उघडलेच पाहिजे.

मग तीच वही जिल्हा उद्योग केंद्राकडे आणि महामंडळाच्या जिल्हा कार्यालयाकडे न्या. 'आम्हाला शिबिर नको, या यादीप्रमाणे मदत द्या', असे लेखी सांगा आणि पोच घ्या.

शेवटी थोडे आपल्या घरचे. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी धंद्याला निम्मा वाटा देणारा हा धम्म आपला आहे. आपण मात्र लग्नात आणि जयंतीच्या डीजेवर किती उधळतो आणि वस्तीतल्या दुकानातून किती खरेदी करतो? नोकरदार बांधव पगाराच्या दिवशी शहरातल्या मॉलमध्ये जातो आणि शेजारच्या ताईकडे ब्लाऊज शिवायला टाकताना घासाघीस करतो. सवर्ण गिऱ्हाईक येत नाही ही तक्रार खरी आहे, पण आपले गिऱ्हाईक तरी येते का?

आरक्षणाच्या सरकारी नोकऱ्या कंत्राटीकरणाने आटत चालल्या आहेत. पुढच्या पिढीला बाजारात उतरावेच लागेल. तिच्या हातात केवळ प्रमाणपत्र द्यायचे की जागा, पत, गिऱ्हाईक आणि कायद्याचे बळही द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर ती वही उघडा. जयभीम!