वस्तीची धर्मशाळा कीं गांव?

ज्या गांवांतील बहुतेक कर्तीं माणसें रोज सकाळीं आगगाडीनें परगांवीं कामास जातात आणि दिवेलागणीस परत येतात, त्यास गांव म्हणावें कीं रात्रीच्या वस्तीची धर्मशाळा? फिनलंड देशांतील कौनिआइनेन या चिमुकल्या नगराचा इतिहास या प्रश्नाचें जें उत्तर देतो, तें आम्हांस मननीय वाटतें.

हेलसिंकी या राजधानीच्या पश्चिमेस सुमारें १५ किलोमीटरांवर हें नगर आहे. १९०३ सालीं तेथून लोहमार्ग गेला. १९०६ सालीं एका कंपनीनें रानांतील जमिनीचे तुकडे पाडून बंगल्यांसाठीं विकावयास काढिले. स्वीडिश भाषेंत या स्थळास ग्रानकुला म्हणतात. नांवांतच सूचिपर्णी वृक्षांची टेकडी आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, वसाहत पुरती वसली नाहीं तोंच, १९०७ सालीं, तेथें मुलामुलींची एकत्र शाळा निघाली. १९२० सालीं गांवास स्वतंत्र कारभार मिळाला व १९७२ सालीं तें नगर झालें. क्षेत्रफळ अवघें ६ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें १०,०००, आणि चोहोंकडून एस्पो या मोठ्या नगराचा वेढा!

आरंभीं येथें स्वीडिश भाषकांचें आधिक्य होतें. पुढें फिनिश भाषकांची संख्या वाढली. आज स्वीडिश भाषक सुमारें एकतृतीयांश आहेत. तरीही नगराचा कारभार दोन्ही भाषांत चालतो आणि दोन्ही भाषांच्या शाळा निरनिराळ्या आहेत. ज्या गांवांत अल्पसंख्य भाषकांचें प्रमाण शेंकडा ८ किंवा त्यांची संख्या ३,००० असेल, तें द्विभाषिक मानावें, असा त्या देशाचा कायदाच आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गांवांत दुहेरी शाळा ही उधळपट्टी होय. शेजारच्या नगरांत तें विलीन केल्यास खर्च वांचेल. विलीनीकरणाच्या सूचना झाल्याही. परंतु नगर आजवर स्वतंत्र राहिलें आहे. येथील लोक सधन आहेत, म्हणून त्यांस हें परवडतें, हा आक्षेपही अगदींच खोटा नाहीं. परंतु द्रव्यानें इमारत उभी राहते. शेजाऱ्याच्या मुलास त्याच्या मातृभाषेंत शिकतां यावें, ही बुद्धि द्रव्यानें विकत मिळत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, आईबाप दिवसभर कोठें राबतात यावरून गांवाची किंमत ठरत नाहीं. त्यांच्या पाठीमागें मुलें कोठें व कशीं वाढतात यावरून ती ठरते. विद्यार्थिबंधुभगिनींनो, ज्या गांवांत थोड्यांच्या भाषेसही शाळेंत मानाचें स्थान आहे, तें कितीही लहान असलें तरी त्यास धर्मशाळा कोण म्हणेल?