पाटसची वाट

गेले तीन आठवडे या सदरात आपण बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या मागोमाग चालतो आहोत. केळवे-माहीम झालं, शिरगाव झालं, मागच्या वेळी तारापूर झालं. १७३९ च्या जानेवारीत हा किनारा मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. आज वसईला जायचं होतं. पण परवा बोईसरमधल्या एका कॉलेजात बोलायला गेले होते. तिथे एका मुलीने मला असं अडवलं, की वसई पुढच्या आठवड्यावर टाकावी लागते आहे.

मी तारापूरची लढाई सांगत होते. सुरुंग उडाले, तट फुटला, लोक आत घुसले आणि त्या धुमश्चक्रीत मराठ्यांचा सरदार बाजी भिवराव गोळी लागून पडला. त्याच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचं पत्र गेलं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. किती वर्षं मी ते वाचते आहे, तरी सांगताना घसा दाटतो. तोफा, दाणागोटा, कर्ज या सगळ्या धबडग्यात ज्या घराला एका आईशी इतक्या मायेने बोलावंसं वाटलं, ते घर मला जवळचं वाटतं.

वर्गातल्या शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. "मॅडम, मस्तानीला कोंडलं ते याच घरात ना? मग तिचं पत्र वाचा ना एखादं."

मी म्हटलं, "तिचं पत्र नाही."

"एकपण नाही?"

तिच्या हातचं, तिच्या तोंडचं म्हणावं असं एकही पत्र माझ्या पाहण्यात नाही. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. त्यांत मस्तानी भेटते ती इतरांच्या पत्रांतून. तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या, तिची चर्चा करणाऱ्यांच्या, तिचं काय करायचं ते एकमेकांना विचारणाऱ्यांच्या. पुढे १९७२ मध्ये ना. सं. इनामदारांनी 'राऊ'मध्ये तिला बोलतं केलं, २०१५ मध्ये सिनेमाने केलं. त्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असलेली मस्तानी सिनेमातली. त्यात त्यांची काही चूक नाही. तिचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेच नाहीत.

ती बुंदेलखंडातून आली. १७२९ मध्ये मोगल सरदार महंमदखान बंगशाने तिथला राजा छत्रसाल याला कोंडीत धरलं, बाजीराव धावून गेले, आणि त्यानंतर ती बाजीरावांची म्हणून पुण्यात आली. छत्रसालाची मुलगी की त्याच्या दरबारातली कलावंतीण, यावर लोक अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. तिने पुण्यात दहा वर्षं कशी काढली असतील, याचा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

दरबारात बाईच्या पाठीशी काहीतरी असावं लागतं. ताराबाईंकडे पाहा. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पण माहेर हंबीरराव मोहित्यांचं, मांडीवर गादीचा वारस आणि हाताशी सरदार. त्या बळावर त्यांनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. राधाबाईंच्या मागे बाजीराव आणि चिमाजी असे दोन मुलगे होते. मस्तानीचं माहेर नर्मदेपलीकडे, आणि छत्रसालही १७३१ मध्ये वारले. मुलगा समशेर बहादूर, पण पेशव्यांच्या देवघरात त्याला जागा नव्हती. तिच्याजवळ एकच बळ, बाजीरावांचा जीव. आणि बाजीराव तर वर्षातले बरेच महिने घोड्यावर. ते स्वारीवर गेले की वाड्यात ती उघडी पडायची. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला आजही तिचं नाव आहे. तिथे उभी राहिले की माझ्या मनात येतं, या दरवाजाची कडी कुणाच्या हातात होती?

१७३९ च्या शेवटी तेच झालं. वसईचा विजय होऊन सहा महिनेही उलटले नव्हते. घरात समशेरच्या वयाची मुलं होती, मुंजी-लग्नं तोंडावर होती. बाजीराव मांडवात असतील तर आम्ही येणार नाही, असं भटभिक्षुकांचं म्हणणं. राऊंच्या, म्हणजे बाजीरावांच्या, खाण्यापिण्याचा सगळा दोष तिच्या माथी मारलेला. चाळिशीला आलेला, फौजा हलवणारा पुरुष काय खातो-पितो याची जबाबदारी तिची, हे मला कधीच पटलेलं नाही. बाजीरावांचा मुलगा नानासाहेब तेव्हा विशीच्या आतबाहेर होता. त्याने आणि चिमाजी अप्पांनी मिळून तिच्यावर पहारा बसवला.

आणि ती निसटली. नोव्हेंबरात पहाऱ्यातून निघून ती पाटसला बाजीरावांकडे पोहोचली. मग वजनदार माणसं मध्यस्थीला गेली, समजुती घातल्या आणि तिला परत आणलं. बाजीराव निजामाच्या मुलावर, नासिरजंगावर, चालून गेले. जानेवारी १७४० मध्ये तिला पुन्हा धरलं, पर्वतीजवळच्या बागेत. साताऱ्याहून शाहू महाराजांचा कल कळत होता, की राऊंचं मन दुखवू नका. पुण्यात तो ऐकला गेला नाही.

चिमाजी अप्पांना मी खलपुरुष करणार नाही. पुढच्या पत्रांत ते हललेले दिसतात. भावाचं दुःख त्यांना बघवत नव्हतं आणि तिला बाजीरावांकडे पाठवून द्यावं असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं. तेवढा वेळ मिळाला नाही. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. पाठोपाठ मस्तानी गेली, तिची कबर पाबळला आहे. डिसेंबरात अप्पाही गेले. तारापूरच्या तटावर निशाण चढल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पोरक्या समशेरला बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंनी वाढवलं. १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तिथल्याच जखमांनी गेला.

आपल्या किनाऱ्यावर अप्पा जागोजागी भेटतात. वसईच्या किल्ल्यात स्मारक आहे, वज्रेश्वरीला त्यांच्या नवसाचं देऊळ आहे. ते असायलाच हवं. पण आपण मुलांना किल्ले दाखवायला नेतो तेव्हा विजयाचं वर्ष सांगतो आणि त्याच वर्षी त्याच घरात काय चाललं होतं ते गाळतो, हे मला आता सलतं. मीसुद्धा तेच करत आले. तीन आठवडे १७३९ वर लिहिलं आणि मस्तानीचं नाव एकदाही आलं नाही. बाजी भिवरावाच्या आईला गेलेलं पत्र आणि मस्तानीवरच्या पहाऱ्याची पत्रं एकाच घरची आहेत, एकाच वर्षाच्या आगेमागे लिहिलेली. ती शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवली पाहिजेत. पुढच्या वेळी तारापूरला मुलांना घेऊन जाईन तेव्हा दोन्ही सांगेन.

वर्ग सुटल्यावर ती मुलगी जिन्यात थांबली होती. खांद्याला सॅक, हातात मोबाइल. म्हणाली, "पाटस कुठे आलं?"

"दौंड तालुक्यात. पुण्याहून साठेक किलोमीटर."

तिने थोडा हिशेब केला. "म्हणजे आपल्या लोकलने बोईसर ते भाईंदर."

मग जरा वेळ तशीच उभी राहिली. "आणि पहारा चुकवून," ती म्हणाली, आणि गाडी चुकेल म्हणून पळत जिना उतरली.